पहिली खूण

उलिसेसला मी त्या दिवशी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. चांगल्या घरच्या बाईने तोंडातून काढू नये असं सगळं काढलं, तेही ऑफिसात, चारचौघांच्या देखत. कडू चहाचं भांडं तेव्हा माझ्या हातात होतं, ते आदळलं आणि गरम पाणी माझ्याच पायावर सांडलं. त्याचा गुन्हा काय, तर त्याने एक चूक दुरुस्त केली होती. आणि दुरुस्त केल्यावर, आमच्या धंद्यातल्या सगळ्या गुणी लोकांसारखं, काय चुकलं होतं ते मुद्देसूद लिहून सगळ्या जगाला वाचता येईल अशा जागी टांगलं होतं.

इथली नावं मी बदलली आहेत. माझं, ग्रिसेल्दा, मात्र बदललेलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे मी का किंचाळले ते कळेल. रोसारिओच्या दक्षिणेला, नदीपासून बरीच आत, एक वस्ती आहे. तिला आपण आचिरास म्हणू. मी तिथेच वाढले, ओफेलियामावशीच्या घरात. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. जे काय केलं ते मावशीने केलं. आचिरासमध्ये नशेच्या पुड्या विकणाऱ्यांच्या खोल्या आहेत. खिडकी नाही, भिंतीला फक्त हात जाईल एवढं भोक. त्यांना सगळे बंकर म्हणतात. कुठला बंकर कुठे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण तक्रार करायला कोणी जात नाही. जाणाऱ्याला कोणीतरी बघतंच, आणि मग मोटारसायकलवरून येऊन त्याच्या दारावर गोळ्या झाडल्या जातात. दारामागे कोण उभं आहे हे झाडणारे बघत बसत नाहीत.

तर मी आणि उलिसेसने एक गोष्ट बनवली. फोनवर आपल्या ओळखपत्राचा फोटो काढायचा. फोन आतल्या आत गणित करतो आणि बाहेर फक्त पुरावा पाठवतो, की या वस्तीतला पत्ता असलेलं कोणीतरी सांगतंय, अमुक ठिकाणी बंकर आहे. कोण सांगतंय, ते पुराव्यात नाही. पुरावा खरा आहे एवढंच कळतं, बाकी काही म्हणजे काही कळत नाही, आम्हालासुद्धा. पुरेशा तक्रारी जमल्या की साखळीवरचा करार, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आपणहून उघडतो आणि ते ठिकाण सरकारी वकिलाकडे आणि वर्तमानपत्रांकडे एकाच वेळी जातं. साखळी म्हणजे जगभरच्या हजारो यंत्रांवर एकदम लिहिली जाणारी नोंद. एकदा लिहिलेलं कोणालाच खोडता येत नाही. करार माणसाच्या हातात नाही, म्हणून कोणा माणसाला धमकावून उपयोग नाही. वस्तीतल्या बायकांना हे मीच समजावून सांगितलं होतं, मावशीच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. कोणालाही कळणार नाही, म्हणाले. मलाही नाही.

आता मेख ऐका. एकाच माणसाने दहादा तक्रार करू नये म्हणून प्रत्येक तक्रारीसोबत एक खूण जाते. ही खूण ओळखपत्राचा नंबर दळून केलेली असते. पीठ पाहून दाणा सांगता येत नाही, तसा खूण पाहून नंबर सांगता येत नाही. पण आमच्या देशात असे नंबर आहेत किती? काही कोटी. सगळेच्या सगळे एकेक करून दळले आणि खुणेशी ताडून पाहिले, तर साध्या लॅपटॉपवर जेवणाच्या सुट्टीत काम होतं. म्हणून दळताना प्रत्येक फोन आपलं गुपित मीठ घालतो. धंद्यात त्याला मीठच म्हणतात. ज्याचं मीठ त्याच्या फोनात, बाहेर जात नाही. मीठ असलं की बाहेरचा कोणी कितीही दळत बसो, काही जुळत नाही.

आणि आमच्या खुणांना मीठ नव्हतं.

ज्या अवजाराने आम्ही हे गणित लिहितो त्याला एक चाचणीची कळ आहे. ती दाबली की सगळ्यांचं मीठ शून्य होतं, म्हणजे चाचणीचं उत्तर दर वेळी तेच येतं आणि तपासायला सोपं जातं. उलिसेसने शेवटची बांधणी केली तेव्हा ती कळ तशीच दाबलेली राहिली. अवजाराने पिवळ्या अक्षरांत सांगितलंही होतं. पण हे अवजार पिवळ्या अक्षरांत रोज शंभर गोष्टी सांगतं, तुमच्या नावाचं स्पेलिंग आवडलं नाही हेसुद्धा. कोण वाचतो?

त्या सकाळी त्याच्या ते लक्षात आलं. तोंडाला फेस येईपर्यंत बसून त्याने दुरुस्ती केली, लावली, आणि खाली लिहिलं, की आधीच्या खुणांना मीठ नाही, सबब कोणीही नंबर दळून माणूस ओळखू शकेल. सबब! मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ग्रिसे, बघ, तासाभरात उडवलं."

पायावरचं पाणी पुसत मी त्याला म्हटलं, "मेल्या, चोराला दार उघडं आहे एवढंच सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तू नकाशा काढून दिलास."

त्याचं म्हणणं असं की ती लोकं कुठे कोड वाचायला बसलीत. मी म्हटलं, त्यांना वाचायची गरज काय, वाचणारा भाड्याने मिळतो. आपण नाही का मिळत? तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. लिहिलेलं त्याने काढलं, पण तोवर ते कोणी कोणी पाहून झालं होतं आणि एकाने सगळ्याची प्रत उतरवून घेतली होती. कोणाचं नाव नाही, गाव नाही. कोण ते कळायला आम्हाला काही मार्ग नव्हता. निनावी राहण्याचा हक्क सगळ्यांना असावा म्हणून आम्हीच घसा कोरडा करून भाषणं केली होती.

मला भीती कशाची वाटत होती ते नीट सांगते. रेल्वेच्या पडक्या गोदामामागचा मोठा बंकर महिन्याभरापूर्वी आमच्या करारामुळेच पडला होता. सरकारी यंत्र आलं, भिंत पाडली, माणसं नेली. मावशीने फोनवर यंत्राचा आवाज ऐकवला होता. पण सगळी माणसं काही नेली नव्हती. नंतर आठवड्याभरात मावशीच्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगात कोणीतरी लिहून गेलं होतं, की सुरुवात कोणी केली ते आम्ही शोधू. मावशीने त्यावर चुना मारला, काळं तरी खालून दिसतच राहिलं. त्यांना सगळे नको होते. त्यांना पहिला हवा होता. आणि साखळीवर पहिली खूण पहिलीच असते, वेळेसकट.

उलिसेस म्हणाला, आपणच सगळे नंबर दळू, कोण कोण आहेत ते काढू आणि त्यांना सावध करू. ऐकायला बरं वाटतं. पण ते एकदा काढलं की आमच्या डोक्यात राहणार. आजवर कोणी माझ्या डोक्याला बंदूक लावून विचारलं असतं तर मी खरं सांगू शकले असते, की मला माहीत नाही. माझी सगळी ढाल तेवढीच होती. मी नाही म्हटलं. मग त्याने दुसरं केलं आणि ते चांगलं केलं. ज्यांच्या ज्यांच्या फोनात आमची गोष्ट होती त्या सगळ्या फोनांवर, कोण आहेत ते न कळता, निरोप टाकला. तक्रार केली असेल तर काही दिवस दुसऱ्या गावी जा, आजच जा.

पण मावशीचा फोन स्वयंपाक चालू असताना टेबलाच्या खणात असतो. तिच्या मते फोनला फोडणीचा वास लागतो.

तिने तक्रार केली होती का? मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, कोणाला कळणार नाही असं तूच सांगितलंस ना, मग कशाला विचारतेस. आणि हसून कांदा चिरत राहिली होती. आता मला राहवेना. सगळे नंबर नको, एकच दळते, म्हटलं. मावशीचा नंबर मला पाठ आहे. इथे दूध घ्यायला गेलं तरी माणसाला नंबर विचारतात, लहानपणापासून ऐकून ऐकून डोक्यात बसलाय. मी तो टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट गेला.

काही जुळलं नाही. एकाही खुणेशी नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. डोळ्यांत पाणीच आलं. वाचली बया. उलिसेसला म्हटलं, चल, तुला माफ केलं, जा बिस्किटं आण. आणि मग ती आमची खोड. कोणत्याही तपासणीने "नाही" म्हटलं की आमच्यासारख्यांचा विश्वास बसत नाही. तपासणीच बिघडली असेल तर? म्हणून ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं काहीतरी टाकून पाहायचं. मी माझाच नंबर टाकला. मी तक्रार केली नव्हती. उत्तर "नाही" यायला हवं होतं.

जुळलं. पहिल्याच खुणेशी.

आधी मला वाटलं, लिहिण्यात चुकलंय काहीतरी. पुन्हा टाकला. पुन्हा जुळलं. उलिसेस समोर बिस्किटांची पिशवी घेऊन उभा होता आणि मला तो काय बोलतोय ते ऐकूच येईना. मागच्या हिवाळ्यात माझं ओळखपत्र हरवलं होतं. शोधलं, मिळालं नाही, नवं काढलं. नव्यावर नंबर तोच असतो, जन्मभर तोच असतो. रद्द झालेलं कार्ड आमच्या फोनला कळत नाही. आणि हरवण्याआधीच्या रविवारी मी जेवायला मावशीकडे होते.

पत्ता म्हणाल, तर मी मध्य शहरात राहायला येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, पण कार्डावरचा पत्ता बदलायचा मला कंटाळा. इथे कोण बदलतं? अर्धा देश कार्डावर आईच्या घरी राहतो. माझ्या कार्डावर अजून आचिरासचा पत्ता होता, मावशीच्या घराचा. म्हणून तर फोनने मला वस्तीतली मानलं. नंबरावरून नाव-पत्ता काढून देणाऱ्या याद्या इथे कोणालाही विकत मिळतात. त्या बंकरवाल्यांनी पहिली खूण फोडली की त्यांना नाव मिळणार माझं, आणि दार मिळणार मावशीचं.

माझी फियाट चालू होईपर्यंत मी तिला किती शिव्या घातल्या देव जाणे. रस्त्यात मी मावशीला फोन लावत राहिले. खणात वाजत असणार. प्रत्येक सिग्नलला मागून मोटारसायकल येऊन शेजारी थांबली की माझे हात स्टिअरिंगला चिकटून बसत. पिझ्झावाला होता. मग एक बाई होती, मागे पोर घेतलेली. मग आणखी कोणी. मी कोणाच्या तोंडाकडे बघतच नव्हते. बघितलं तर तो मला बघेल असं वाटत होतं.

मी पोचले तेव्हा जेवणं आटोपत आली होती. मावशीच्या स्वयंपाकघरात वस्तीतली कोणीही जेवतात, ज्याच्या घरी चूल पेटली नाही ते सगळे. त्या दिवशी मसूर होते, भोपळा घातलेले. मोठं पातेलं अजून आचेवर होतं, कारण दुसरी पंगत संध्याकाळी असते. कामाला येणाऱ्या दोघी बायका आपापल्या घरी आडव्या व्हायला गेल्या होत्या. दुपारी वस्ती अशी झोपते की कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. लहानपणी मला ती वेळ आवडायची. त्या दिवशी ती शांतता अंगावर आली.

मी दार लावून घेतलं आणि विचारलं, माझं कार्ड कुठे आहे. मावशीने एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, माझा चेहरा पाहिला आणि मग काही आढेवेढे न घेता भांड्यांच्या फळीवरच्या साखरेच्या डब्यातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"तू खुर्चीखाली पाडून गेलीस," ती म्हणाली. "परत द्यायचं म्हणून ठेवलं. मग तू बायकांना ते फोनचं सांगितलंस. सगळ्या ऐकत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. कोणीतरी आधी करावं म्हणून वाट बघत होत्या गं. म्हटलं, आपण करू."

"मग तुझ्या कार्डाने का नाही केलंस?"

"मी म्हातारी, इथे राहते, रोज त्यांच्या समोरून जाते. उद्या काही झालं तर माझ्याकडे आधी बघतील. तू तिकडे वरच्या मजल्यावर, खाली दरवान. आणि तूच म्हणालीस, कोणालाही कळणार नाही. तुझं बोलणं मी कधी खोटं मानलंय?"

मी खाली बसले. रागावायचं होतं, ते राहूनच गेलं. सांगितलं सगळं, मिठाचं, शून्याचं, उलिसेसच्या सबबचं. ती मान हलवत ऐकत राहिली. मीठ नव्हतं एवढं तिला पटकन कळलं. पत्ता कळायला वेळ लागला. कार्ड उलटं करून तिने आपल्याच घराचा पत्ता वाचला, ओठ हलवत, आणि चष्मा काढून ठेवला.

मी म्हटलं, पिशवी भर, निघू. ती म्हणे, पातेलं कोणाच्या भरवशावर टाकू, संध्याकाळी पोरं येतील. मी म्हटलं, पोरांना मी पिझ्झा मागवते, तू ऊठ. ती म्हणे, तू जा, तुझं नाव आहे, माझं नाही. मी एवढी चिडले की टेबलावर हात आपटला आणि ती मला लहानपणासारखं "आवाज खाली" म्हणाली. हे असं चालू असतानाच गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वळल्याचा आवाज आला.

दुपारच्या त्या शांततेत तो आवाज घर सोडून कुठेच जात नव्हता. आला, हळू झाला, आमच्याच दारासमोर बंद झाला. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या कोठीच्या पडद्याकडे. तिने बोट केलं नाही, काही नाही. मी आपोआप उठून पडद्यामागे गेले. मसुरांच्या गोणीशेजारी उभी राहिले. तिची सुतळी धरून ठेवली.

दाराला लोखंडी जाळी आहे. पडद्याच्या फटीतून मला मावशीची पाठ दिसत होती आणि जाळीपलीकडे हेल्मेट. वस्तीतला नव्हता. वस्तीतला असता तर तिला दोन्या ओफेलिया, म्हणजे ओफेलियाबाई, म्हणाला असता, कारण वस्तीत तिला दुसऱ्या नावाने हाकच नाही. त्यांची इथली माणसं तुरुंगात होती, म्हणून बाहेरचा पाठवलेला. आवाज तिशीतल्या माणसाचा, अदबशीर. दुपारच्या वेळी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली त्याने. अजून त्या अदबीची आठवण आली की माझ्या अंगावर काटा येतो. ग्रिसेल्दा नावाची बाई इथे राहते का, असं त्याने विचारलं. आडनावासकट.

"मीच," मावशी म्हणाली.

मी तोंडावर हात दाबला. बाहेर जायला हवं होतं. हजारदा मनात आलं, जा, पडदा सार आणि जा. मी गेले नाही. भीती म्हणजे काय ते मला तिथे कळलं. माझं शरीर माझं ऐकेना, गोणीच्या सुतळीत माझी बोटं अडकलेली.

त्याने मान खाली घातली. फोनवर काहीतरी पाहत असावा. मग म्हणाला, नंबर सांगा.

आणि मावशीने माझा नंबर सांगितला. अठ्ठावीसपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, न अडखळता, शाळेत नाव घालताना, लस टोचताना, दवाखान्याच्या खिडकीशी जसा सांगायची त्याच चालीत. तीन तीन आकड्यांवर थांबून, मधे एक श्वास. तिचा स्वतःचा नंबर विचारला तर ती कार्ड बघते. माझा तिला पाठ आहे.

"अठ्ठावीसवाल्या म्हणजे चाळिशीतल्या असायला हव्यात," तो म्हणाला. नंबरावरून वय काढता न येणारा माणूस या देशात नाही. "तुम्ही तेवढ्या दिसत नाही."

"या वस्तीत वीस वर्षं शंभर माणसांचं रांधून बघ," मावशी म्हणाली, "मग मी तुला सांगते तू केवढा दिसतोस ते."

तो हसला. खरंच हसला. जाळीच्या गजांमधून फोन पुढे धरला आणि तिचा फोटो काढला. मावशीने चेहरा फिरवला नाही, उलट केस मागे सारले. मग तो म्हणाला की कोणीतरी बोलायला येईल, घरीच थांबा. आणि गेला.

आवाज गल्लीबाहेर गेला तरी मी पडद्यामागेच होते. मावशी आत आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. फोटो तो ज्यांना पाठवणार त्यातला एक जरी आचिरासचा निघाला तर फोटोतली बाई कोण हे सांगायला त्याला एक क्षण पुरे होता. दोघींनाही ते कळत होतं. मावशी शेगडीपाशी गेली, झाकण काढून मसूर एकदा ढवळले, चव घेतली, आणि गॅस बंद केला. मी तिच्या घरात होते तेवढ्या वर्षांत दुपारी तो गॅस बंद झालेला मी पाहिला नव्हता.

"चल," ती म्हणाली. पिशवी भरली नाही. एप्रनवरच गाडीत बसली.

शेजारच्या बाईला पातेल्याचं सांगायला ती थांबणार होती, मी थांबू दिलं नाही. मोठ्या पुलावर चढेपर्यंत मी आरशात इतक्यांदा पाहिलं की समोरच्या ट्रकला जवळजवळ धडकले. खाली पाराना नदी, मग बेटं, कुठेतरी गवत पेटलेलं, धूर पुलावर आलेला. धुरात मागच्या गाड्या दिसेनात तेव्हा माझा जीव जरा खाली बसला, आणि मग मी रडायला लागले. मी तिला म्हटलं, मी बाहेर यायला हवं होतं. ती म्हणाली, आली असतीस तर थोबाडीत मारली असती.

ती मांडीवर माझं जुनं कार्ड धरून बसली होती. विचारलं तिने, ती खूण पुसता येईल का. मी म्हटलं, नाही. कोणालाच नाही, तेच तर आम्ही अभिमानाने सांगायचो. नंबर बदलून मिळेल का? नाही मावशी, नंबर मरेपर्यंत तोच.

"मग ऐक," ती म्हणाली. "त्यांच्याकडे नाव तुझं आहे आणि तोंड माझं. ते आता या दोन्हीला एकत्र शोधणार. तर हे नाव माझ्याकडेच राहू दे. तुला दुसरं बघू."

मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, तुझी आई तुला दोलोरेस म्हणणार होती, मला ते कधी आवडलं नाही. आता वापर.

आम्ही आता नदीपलीकडे राहतो, कुठे ते सांगत नाही. उलिसेसच्या निरोपाने वस्तीतली काही कुटुंबं वेळेत निघाली, काही राहिली, आणि राहिलेल्यांना कोणी हात लावला नाही. पहिली सापडली असं त्या लोकांनी धरलं असावं. मावशीच्या दारावर मात्र गोळ्या झाडल्या. घरात कोणी नव्हतं. मसूर शेजारणीने वाढले, खारट झाले होते म्हणे.

इथल्या बेकरीत मावशी सकाळी पावाचं पीठ मळते. तिला सगळे ग्रिसेल्दा म्हणतात; ते नाव त्या लोकांकडे आधीच आहे, म्हणून इथे लिहिताना मी ते बदललं नाही. मी दुपारी तिला आणायला जाते आणि कधी कधी रस्त्यात मागून कोणीतरी हाक मारतं, ग्रिसेल्दा! मावशी लगेच वळते, हसते, थांबते. मी वळत नाही. चाळीस वर्षं ज्या नावाला वळले त्याला न वळायला शिकताना मान अवघडून जाते. मी फक्त तिचा दंड घट्ट धरते आणि हाक मारणाऱ्याच्या हातांत काय आहे ते पाहते.